सोपाऱ्याच्या स्तूपातील चांदीचे नाणे

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात रविवारी सकाळी विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग भरतो. परळ, लालबाग, नायगाव, दादर या भागांतील मुले-मुली येतात. एका रविवारी नालासोपाऱ्याच्या स्तूपाचा विषय निघाला. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "काका, त्या स्तूपात सापडलेले भिक्षापात्राचे तुकडे खरेच भगवान बुद्धांच्या पात्राचे आहेत का? आणि असतील तर ते कशावरून?"

वर्गात आमचे एक ज्येष्ठ सभासद बसले होते. गिरणीत आयुष्य घालवलेले, सोसायटीसाठी दारोदार वर्गणी गोळा करणारे, दरवर्षी न चुकता सोपाऱ्याला जाऊन येणारे. त्यांना हा प्रश्न रुचला नाही. "एवढे शिकून शेवटी शंकाच काढायला शिकलात का?" असे म्हणून ते उठून गेले. मुलगी ओशाळली. वर्ग संपला, पण प्रश्न तसाच राहिला. उत्तर द्यायची जबाबदारी आमच्यावर होती आणि त्या दिवशी आम्हांला ते देता आले नाही.

आम्ही इतिहासकार नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत चिकटलो. परंतु आमची बँक फोर्टात आहे आणि दुपारच्या सुट्टीत टाउन हॉलच्या पायऱ्यांवर डबा खाण्याची आमची जुनी सवय आहे. त्याच इमारतीत मुंबईची एशियाटिक सोसायटी आहे आणि सोपाऱ्याच्या स्तूपातील वस्तू तिच्याच ताब्यात आहेत. ज्या पायऱ्यांवर आम्ही वर्षानुवर्षे डबा उघडला त्यांच्या वरच हा ठेवा आहे, याची जाणीव आम्हांला या प्रश्नामुळे झाली. मग वाचन सुरू केले. वाचता वाचता लक्ष एका वस्तूवर खिळले. ती वस्तू म्हणजे सोन्याची फुले नव्हेत की मूर्ती नव्हेत, तर शर्टाच्या बटणापेक्षा थोडे मोठे असे चांदीचे एक नाणे. त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या नाण्यात आहे, असे आम्हांला वाटते.

बुरुड राजाचा कोट

आजचे नालासोपारा म्हटले की विरार लोकलची गर्दी डोळ्यांपुढे येते. परंतु पालीतील 'सुप्पारक' आणि शिलालेखांतील 'सोपारक' ते हेच. ग्रीक खलाशांसाठी पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात या बंदराचा उल्लेख आहे. सोपाऱ्याचे रहिवासी दूरदूर दान देत होते. नाणेघाटातील पाण्याच्या टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे, तर कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे. बौद्ध साहित्यातील पूर्ण हा व्यापारी याच गावचा. तो समुद्रावर व्यापार करी, पुढे भिक्षू झाला आणि त्याने येथे चंदनाचा विहार बांधवला, अशी कथा 'दिव्यावदान' या ग्रंथात आहे.

अशा या गावात एक मोठा मातीचा ढिगारा होता. गावकरी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. कोणी बुरुड जातीचा राजा होऊन गेला आणि हा त्याचा किल्ला, अशी समजूत. आतील विटांवर शतकानुशतके माती चढत गेली आणि स्तूपाची आठवण लोकांच्या मनातून पुसली गेली.

१८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा ढिगारा मध्यभागी खणला. भगवानलाल मूळचे जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा लेख आहे, त्याची लिपी त्यांनी तरुणपणी स्वतःच्या खटपटीने शिकून घेतली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईस आणले आणि पुढे वाळकेश्वरी राहून त्यांनी लेणी, लेख व नाणी यांवर आयुष्य वेचले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या माणसाला हॉलंडातील लायडन विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली. १८८८ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. आमच्या विद्यार्थ्यांनी हे नाव पाठ करून ठेवावे.

ढिगाऱ्याच्या पोटात विटांची एक कोठी लागली आणि कोठीत दगडी पेटी. झाकण काढल्यावर मध्ये तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती निघाल्या. सात मूर्ती गौतम बुद्ध व त्यांच्यापूर्वीच्या सहा बुद्धांच्या आणि आठवी भावी बुद्ध मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक पाच करंडक होते. सोबत सुमारे तीनशे सोन्याची फुले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मात्र मातीच्या भांड्याचे तेरा लहानसे तुकडे. एवढा जामानिमा ज्यांच्यासाठी केला ते तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचेच असले पाहिजेत, असा भगवानलालांचा निष्कर्ष.

या साऱ्या ऐवजात एक चांदीचे नाणे होते. झिजलेले नव्हे, जवळजवळ कोरे.

नाणे काय सांगते?

नाण्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा आहे आणि भोवती ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत 'रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस' अशी अक्षरे आहेत. अर्थ असा की, हे नाणे गौतमीपुत्र श्री यज्ञ सातकर्णी राजाचे. दुसऱ्या बाजूस सातवाहनांची नेहमीची चिन्हे आहेत, म्हणजे कमानींचा डोंगर आणि चार वर्तुळे जोडलेले उज्जैनी चिन्ह. तेथेही राजाचे नाव आहे, पण भाषा निराळी. ती दक्षिणेकडची, जुन्या तमिळशी नाते सांगणारी असल्याचे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. एकाच नाण्यावर दोन भाषा! आज आपल्या नोटेवर इंग्रजी-हिंदीखेरीज पंधरा भाषांची पट्टी असते. रोज नोटा मोजताना आम्ही तिच्याकडे पाहत नाही. परंतु ज्याच्या हाती पैसा जाणार त्याला तो आपल्या भाषेत वाचता यावा, हा विचार अठराशे वर्षांपूर्वीही होता.

यज्ञ सातकर्णी हा सातवाहनांच्या शेवटच्या मोठ्या राजांपैकी एक, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. नाशिक व कान्हेरी येथील लेण्यांत त्याच्या कारकिर्दीतील लेख आहेत. सातवाहनांची रोजच्या व्यवहारातील नाणी बहुतेक शिसे, तांबे व मिश्र धातूंची. मग हे चांदीचे नाणे कोठून आले? त्याचे मूळ पश्चिमी क्षत्रपांकडे आहे. क्षत्रपांचे, दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचे, राजाचा मुखवटा असलेले चांदीचे नाणे पश्चिम किनाऱ्यावर चालत असे. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला तेव्हा त्याने ही नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपला ठसा मारून ती पुन्हा चालवली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर हा दुसरा ठसा होता. पुढे सातवाहनांनी त्याच घडणीची स्वतःची नाणी पाडली. सोपाऱ्याचे नाणे त्यांतले. राजे बदलले, तरी बाजारपेठेला ओळखीचे नाणे लागते, हे त्यांना कळत होते.

गठ्ठ्यातील शेवटची चिठ्ठी

आता मूळ मुद्दा. हे नाणे स्तूपाचा काळ कसा सांगते?

आमच्या धंद्यातील उदाहरण देतो. समजा, बँकेच्या तळघरात व्हाउचरांचा एक जुना गठ्ठा सापडला. वर तारीख नाही. तो केव्हा बांधला हे कसे ओळखावे? आतील चिठ्ठ्या चाळाव्यात. त्यांत सर्वांत अलीकडची तारीख समजा ३१ मार्चची निघाली, तर एक गोष्ट निश्चित. गठ्ठा ३१ मार्चपूर्वी बांधलेला नाही. परंतु त्यानंतर दुसऱ्या दिवशी बांधला की दहा वर्षांनी, हे त्या चिठ्ठीवरून कळत नाही. चिठ्ठी खालची मर्यादा सांगते, वरची नाही.

नाण्याचेही तसेच. यज्ञ सातकर्णीचे नाणे पेटीत आहे, म्हणजे पेटी त्याच्या कारकिर्दीपूर्वी शेवटची बंद झालेली नाही. नाणे झिजलेले नसल्याने ते फार हातांतून गेलेले नाही, तेव्हा ते नवे असतानाच ठेवले असावे, हा भगवानलालांचा तर्क सयुक्तिक होता. त्यावरून त्यांनी स्तूपाचा काळ त्या राजाशी जोडला.

परंतु गठ्ठ्यात आणखी एक चिठ्ठी होती, ती म्हणजे त्या आठ मूर्ती. मूर्तींवर तारीख नसते, पण घडण असते. चेहरा, आसन, वस्त्राच्या चुण्या यांवरून पुढच्या अभ्यासकांनी या मूर्ती आठव्या-नवव्या शतकांतील ठरवल्या. नाणे दुसऱ्या शतकातले आणि मूर्ती त्यानंतर सहा-सातशे वर्षांच्या. दोन्ही एकाच पेटीत. गठ्ठ्याचा नियम लावला तर मूर्ती ही शेवटची चिठ्ठी ठरते. याचा सरळ अर्थ असा की, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास कोणी तरी हा स्तूप उघडला, बहुधा जीर्णोद्धारासाठी, जुना ऐवज जसाच्या तसा परत ठेवला आणि त्याभोवती नव्या मूर्तींची भर घातली.

आम्हांला येथे थोडे थांबावेसे वाटते. ज्याने ती पेटी उघडली त्याच्या हातात हे चांदीचे नाणे आले असणार. तो राजा तेव्हा सहाशे वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. मोडीत घातले असते तरी चांदीचा भाव आलाच असता. त्याने नाणे परत ठेवले. सोन्याची फुलेही परत ठेवली. ना त्याचे नाव आपल्याला कळले, ना गाव. पण सार्वजनिक पैशाला हात न लावणे म्हणजे काय, हे त्या अनामिकाने दाखवून दिले. संस्थांचे हिशेब सांभाळणाऱ्या आम्हां सर्वांना हा धडा पुरेसा आहे.

तो पेटी उघडणारा काळ कसा होता?

आठव्या-नवव्या शतकांत कोकणात बौद्ध धम्म नामशेष झाला होता, असे सर्रास सांगितले जाते. नाणी व लेख निराळे सांगतात.

सहाव्या शतकात कलचुरी राजा कृष्णराज याने चांदीची नाणी पाडली. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस नंदी. ही नाणी नाशिककडे मिळाली, तशीच मुंबई बेटावर व साष्टीतही मिळाली आहेत. पूर्वी ती राष्ट्रकूटांची समजत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती कलचुरींची असल्याचे दाखवले. नाशिकजवळच्या अंजनेरी येथील ताम्रपटात 'कृष्णराजरूपक' असा या नाण्यांचा उल्लेख आहे आणि तो लेख आठव्या शतकाच्या आरंभीचा. म्हणजे कृष्णराज गेल्यावर दीडशे वर्षांनीही लोक त्याच्याच नाण्यात हिशेब करीत होते. खणखणीत नाणे असे टिकते.

त्यानंतर 'द्रम्म' आला. हा शब्द मूळ ग्रीक 'द्राख्म'वरून आला आणि आपल्या 'दाम' या शब्दातून आजही आपल्या तोंडी आहे. कान्हेरीच्या लेण्यांत नवव्या शतकातील लेख आहेत. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक कोकणचे शिलाहार यांच्या काळातील. शके ७६५, म्हणजे इ. स. ८४३ च्या लेखात एका दात्याने कान्हेरीच्या भिक्षुसंघाला दिलेल्या द्रम्मांची वाटणी कोरली आहे. बुद्धपूजेसाठी वीस द्रम्म, विहाराच्या दुरुस्तीसाठी तीन, चीवरांसाठी पाच आणि पुस्तकांसाठी एक. शके ७७५ च्या लेखात तर थेट गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्मांची अक्षयनीवी ठेवल्याचे नमूद आहे.

'अक्षयनीवी' म्हणजे मूळ रक्कम न मोडता व्याजावर चालणारी ठेव. आज आपण जिला कायम निधी म्हणतो तीच. ही पद्धत नवी नव्हती. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत असे लिहिले. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर वर्षाचे व्याज दोनशे चाळीस आणि वीस भिक्षूंना बाराप्रमाणे दोनशे चाळीसच. पै न पै जुळते. सातवाहन-क्षत्रपांच्या काळापासून नवव्या शतकापर्यंत ही परंपरा चालू होती आणि ज्या मुंबईत आपण राहतो तिच्याच सीमेवर, कान्हेरीच्या डोंगरात, तिचा जमाखर्च दगडावर कोरलेला आहे.

सोपाऱ्याच्या पेटीतील मूर्ती घडल्या, त्याच काळात कान्हेरीला पुस्तकांसाठी द्रम्म जमा होत होता. तेव्हा पेटी उघडून ती श्रद्धेने बंद करणारे लोक कोण होते, याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही.

श्रद्धा आणि पुरावा

कान्हेरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगतो. १८३९ साली डॉ. बर्ड यांनी तेथील एक स्तूप उघडला. त्यात रक्षापात्रांबरोबर ताम्रपट निघाला आणि त्यावर त्रैकूटकांच्या राज्याचे २४५ वे वर्ष कोरलेले होते, म्हणजे इ. स. ४९४ च्या सुमाराचे. हा स्तूप जणू तारीख घातलेली पावती घेऊन आला. सोपाऱ्याच्या स्तूपात अशी पावती मिळाली नाही. तेथे नाणे आणि मूर्ती यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

मग त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आमचे उत्तर असे. नाणे सांगते की, दुसऱ्या शतकातल्या लोकांनी, किंवा त्यांच्या नंतरच्यांनी, हे मातीचे तुकडे सोन्याच्या करंडकात ठेवण्याइतके पवित्र मानले. मूर्ती सांगतात की, आठव्या-नवव्या शतकांतल्या लोकांनीही तसेच मानले. हे सिद्ध आहे. परंतु बुद्धांचे महापरिनिर्वाण आणि हे नाणे यांच्यामध्ये कित्येक शतके आहेत. त्या शतकांत तुकडे कोणाच्या हातातून सोपाऱ्याला आले, हे नाणे सांगत नाही आणि आपणही त्याच्या तोंडी ते घालू नये. "परंपरेने भिक्षापात्राचे मानलेले तुकडे" असे म्हणावे. एवढे म्हटल्याने श्रद्धेला धक्का लागत नाही आणि सत्यालाही बाध येत नाही.

कालामांना तथागतांनी काय सांगितले? केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावर काही मानू नका. स्वतः तपासा. मग त्यांच्याच पात्राविषयी प्रश्न विचारणे हा त्यांचा अनादर कसा होईल? बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. चांदीचा रुपया का घसरला, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले, नुसते रागाने नव्हे. आपल्या मुलांनी पुरावा मागितला तर तो त्याच वाटेवरचा प्रश्न आहे.

शेवटी थोडेसे

हे सारे आम्ही एका कागदावर लिहून त्या ज्येष्ठ सभासदांच्या घरी गेलो. त्यांच्या चाळीच्या गॅलरीत बसून त्यांनी सर्व ऐकले. नाणे परत ठेवणाऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. विणकरांच्या श्रेणीचा लेख ऐकून मात्र त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे आमच्या मागवाल्यांकडेच संघाची ठेव होती म्हणा की!" असे ते म्हणाले. पुढच्या रविवारी ते वर्गाला आले आणि त्या मुलीला जवळ बोलावून म्हणाले, "बाळ, तू विचारलेस ते बरे केलेस. मला कोणी विचारायला शिकवले नव्हते."

सोसायटीतर्फे विद्यार्थ्यांना सोपाऱ्यास न्यावे, अशी आमची सूचना आहे. दादरहून विरार लोकलने नालासोपारा, पश्चिमेस उतरून स्तूप. परतल्यावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख पाहावा. तोही १८८२ साली भगवानलालांनाच सापडला.

आणि एक विनंती. आपली अनेक कुटुंबे गावाकडची. शेत नांगरताना, पाया खणताना जुने नाणे मिळते. ते चिंच-मीठ लावून घासू नये, सोनाराच्या मुशीत घालू नये. घासल्याने अक्षरे जातात, वितळवल्याने इतिहास जातो. नाणे जेथे मिळाले ती जागा, किती खोल, सोबत काय होते, हे लिहून ठेवावे. पेटीतून सुटलेले नाणे मुके असते, बोलते ते जागेवरचे नाणे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारकही आहे.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी एका अनोळखी माणसाने पेटी उघडली आणि दुसऱ्याचे नाणे जागच्या जागी ठेवले. म्हणूनच आपण आज त्यावरील अक्षरे वाचू शकतो. आपल्या हाती जे येईल ते आपणही तसेच, जागच्या जागी, पुढच्या पिढीसाठी ठेवू या.